गोंदण आणि व्रणांकन

चाकण, खेड या परिसरातील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर व हनुवटीवर दिसणारे हिरवट ठिपके आणि आफ्रिकेतील काही समाजांच्या मुखावरील उंचावलेल्या रेषा यांना एकाच मासल्याचे विद्रूपीकरण मानण्याचा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो दुहेरी चुकीचा आहे.

गोंदणात काजळी सुयांनी टोचून अंतस्त्वचेत (झडणाऱ्या वरच्या त्वचेखालील थर) भरली जात असल्याने खूण आजन्म टिकते. व्रणांकनात (हेतुपुरस्सर चिरा देऊन वण उमटविण्याची रीत) रंगाची आवश्यकताच नसते, कारण गडद त्वचेवर रंगापेक्षा उठाव अधिक स्पष्ट दिसतो. दक्षिण सुदानातील नुएर समाजात मुलाच्या कपाळावरील सहा समांतर रेषा तो प्रौढ पुरुषांत गणला गेल्याचा दाखला असत. नायजेरियातील योरुबांच्या मुखरेषांवरून कूळ ओळखता येई.

चाकणच्या कारखान्यात मोटारीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक रंग बदलला तरी कायम राहतो आणि जाणत्यास तिचे मूळ सांगतो. या खुणांचे कार्य तसेच आहे.

गोंदणाच्या खुणा शिक्षेच्या असाव्यात, या तर्काला इतिहासात अल्प आधार आहे: कंपनी सरकारच्या अमदानीत बंगाल व मद्रास इलाख्यांत कैद्यांच्या कपाळावर अक्षरे गोंदण्याचा शिरस्ता होता व तो १८४९ मध्ये रद्द झाला. परंतु आपल्याकडील स्त्रियांनी तुळशीसारखी चिन्हे गोंदवून घेतली ती, मृत्यूनंतरही सोबत येणारा हा एकच दागिना, या श्रद्धेने. म्हणून गोंदणाची गणना अलंकारांत आणि कुलाचारातच करणे न्याय्य आहे.