औद्योगिक सांडपाण्यावरील देखरेख (पुणे परिसर)

उद्योगधंद्यांतून बाहेर पडणारे सांडपाणी कायद्याने ठरविलेल्या मर्यादांत आहे की नाही, हे तपासणी, नमुन्यांचे विश्लेषण व नोंदी यांच्या आधारे पडताळून पाहणे आणि मर्यादा ओलांडणाऱ्या उद्योगांविरुद्ध कारवाई करणे, या कार्यास औद्योगिक सांडपाण्यावरील देखरेख म्हणतात. हिच्यात नदीच्या पाण्याचे परीक्षण आणि कारखान्याच्या निर्गममार्गावरील परीक्षण अशी दोन भिन्न कामे येतात. पहिल्यावरून नदीची अवस्था कळते. जबाबदारी मात्र दुसऱ्यावरूनच निश्चित होते. पुणे परिसरात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

भौगोलिक व औद्योगिक पार्श्वभूमी : पवना नदी दापोडीजवळ मुळेस मिळते. मुळा व मुठा यांचा संगम पुणे शहरात होतो व संयुक्त मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते. इंद्रायणी आळंदीवरून वाहत जाऊन तुळापूर येथे भीमेस मिळते. भीमेचे पाणी उजनी जलाशयात साठते. सोलापूर शहरास पिण्याचे पाणी तेथून पुरविले जाते, तसेच नदीकाठच्या शेतीसही या प्रवाहांचे पाणी मिळते. त्यामुळे पुण्यातील देखरेखीत राहिलेल्या उणिवांचा भार मुख्यतः प्रवाहाच्या खालच्या अंगास राहणाऱ्यांवर पडतो.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड व भोसरी या भागांत कारखानदारी झपाट्याने वाढली. पुढे चाकण, रांजणगाव व कुरकुंभ येथेही औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. मोटारगाड्या व त्यांचे सुटे भाग, औषधे, रसायने व खाद्यपदार्थ यांच्या कारखान्यांबरोबर विद्युत् विलेपन, रंगलेपन इ. पूरक कामे करणारे अनेक लहान उद्योगही येथे आहेत.

कायदेशीर चौकट : महाराष्ट्राने केंद्रीय कायद्याच्या आधीच १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्य मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो १९८१ पासून लागू झाला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय व प्रयोगशाळा पुण्यात आहेत.

सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगास स्थापनेपूर्वी एक व उत्पादन सुरू करण्यापूर्वी दुसरे, अशी मंडळाची संमती घ्यावी लागते. संमतिपत्रात सांडपाण्याची कमाल मात्रा, त्याची गुणवत्ता व ते सोडण्याचे ठिकाण नमूद केलेले असते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीत सोडावयाच्या पाण्याचे पीएच मूल्य ५·५ ते ९·० असावे लागते. जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी (सूक्ष्मजीवांना सेंद्रिय द्रव्याच्या विघटनासाठी लागणारा ऑक्सिजन) दर लिटरला ३० मिग्रॅ.पर्यंत, रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिग्रॅ.पर्यंत, निलंबित घन पदार्थ १०० मिग्रॅ.पर्यंत आणि षट्संयुजी क्रोमियम ०·१ मिग्रॅ.पर्यंत चालतो. मात्रेची मर्यादा घालण्याचे कारण असे की, केवळ संहती (दर लिटरमधील प्रमाण) पाहिल्यास शुद्ध पाणी मिसळून कोणतेही सांडपाणी कागदोपत्री निर्दोष ठरविता येईल. नदीत जाणारे एकूण द्रव्य मात्र तेवढेच राहील.

नमुना घेण्याची पद्धती : १९७४ च्या अधिनियमातील कलम २१ नुसार अधिकाऱ्याने नमुना घेताना विश्लेषण करण्याचा आपला हेतू उद्योगचालकास तेथल्या तेथे लेखी कळवावा लागतो. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करतात व त्यांवर उभयतांच्या सह्या होतात. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो व चालकाने मागणी केल्यास दुसरा राज्य जल प्रयोगशाळेकडे जातो. ही पद्धती पाळली नसल्यास विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

नमुन्याची जपणूकही तितकीच महत्त्वाची आहे. धातूंसाठी घेतलेल्या नमुन्यात नायट्रिक अम्ल घालून पीएच मूल्य २ च्या खाली आणतात, कारण एरवी धातू बाटलीच्या आतील पृष्ठभागास चिकटतात. षट्संयुजी क्रोमियमासाठी मात्र अम्ल न घातलेला वेगळा नमुना घेतात. सायनाइडासाठी नमुना तीव्र क्षारीय ठेवतात. जीवरासायनिक ऑक्सिजन मागणीचा नमुना थंड व अंधारात ठेवतात. तिची कसोटी २७° से. तापमानास तीन दिवस चालते. परिणामी निष्कर्ष हाती येईपर्यंत संबंधित पाणी केव्हाच पुढे वाहून गेलेले असते. शिवाय एक नमुना ही एका क्षणाची साक्ष असते, तर कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. रात्री किंवा पावसात सोडलेले पाणी दुपारच्या नमुन्यात सापडत नाही.

अप्रत्यक्ष पुरावे : वरील उणीव भरून काढण्यासाठी तपासनीस नोंदींची परस्परांशी ताडणी करतात. विद्युत् विलेपनाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. या उद्योगाच्या सांडपाण्यातील विषारी षट्संयुजी क्रोमियमाचे अम्लीय विद्रावात (पीएच मूल्य २ ते ३) सोडियम बायसल्फाइटाच्या साहाय्याने त्रिसंयुजी क्रोमियमात क्षपण करतात. नंतर चुना घालून पीएच मूल्य सु. ८ ते ९ पर्यंत वाढविले असता क्रोमियमाचे हायड्रॉक्साइड गाळाच्या रूपाने खाली बसते. म्हणजेच संस्करण खरोखर होत असल्यास रसायनांची खरेदी, विजेचा वापर व गाळाची निर्मिती या तिन्ही गोष्टी दिसल्याच पाहिजेत. उत्पादन भरपूर व गाळ मात्र नाही, अशी स्थिती आढळल्यास संस्करण यंत्रणा बंद असल्याचा संशय बळावतो. हा गाळ धोकादायक कचरा असल्याने तो अधिकृत केंद्राकडेच पाठवावा लागतो. पुणे परिसरासाठी असे केंद्र रांजणगाव येथे आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मापन करणारी उपकरणे बसविण्याचा आदेश दिला. त्यांची वाचने थेट मंडळांकडे पोहोचतात. तथापि संवेदकावर थर साचल्यास किंवा त्याचे अंशशोधन वेळेवर न झाल्यास वाचने भरवशाची राहत नाहीत. लहान उद्योगांपैकी बहुतेक या योजनेच्या बाहेरच राहतात.

नदीच्या परीक्षणाच्या मर्यादा : पावसाळा वगळता धरणांखालील पात्रांत नैसर्गिक प्रवाह अल्प असतो व शहरांचे घरगुती सांडपाणी हाच वाहत्या पाण्याचा मोठा भाग असतो. औद्योगिक सांडपाण्यापेक्षा त्याची मात्रा कितीतरी अधिक आहे. आळंदी येथे इंद्रायणीवर वारंवार दिसणारा फेस धुण्याच्या साबणचुऱ्यातील पृष्ठक्रियाकारकांमुळे येतो, तसाच तो कारखान्यांच्या पाण्यामुळेही येऊ शकतो. केवळ फेस पाहून दोषी ठरविता येत नाही. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीखंडांची यादी केली. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील असून त्यांत मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी व भीमा यांचे खंड आहेत. अशी यादी संकटाची व्याप्ती दाखविते. कोणत्या निर्गममार्गाचा त्यात किती वाटा आहे, हे ती सांगत नाही. या संदिग्धतेमुळे नगरपालिका व उद्योग यांना परस्परांकडे बोट दाखविणे सोपे जाते. यावर उपाय एकच, तो म्हणजे नदीस मिळण्यापूर्वी, प्रत्येक निर्गममार्गावर व नाल्यावर मापन करणे. [→ जलप्रदूषण].

कारवाई व नागरिकांचा सहभाग : १९८८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३३ अ खाली मंडळ उद्योग बंद करण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (स्थापना २०१०) दाद मागता येते. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. संस्करण यंत्रणा कार्यक्षम नसल्यास उद्योग चालू ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी स्पष्ट केले. संमतिपत्रांतील अटींची नोंदवही संबंधित व्यक्तींना पाहण्यास खुली ठेवणे, हे कलम २५ नुसार मंडळाचे कर्तव्य आहे. तसेच मंडळास साठ दिवसांची सूचना देऊन कोणाही व्यक्तीस न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार कलम ४९ ने दिला आहे. नदीचे पाणी वापरणाऱ्या खालच्या गावांच्या दृष्टीने या दोन तरतुदी विशेष मोलाच्या आहेत. कारण निर्गममार्गावर काय सोडण्यास परवानगी आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तेथून जे येते ते नियमबाह्य आहे, असे त्यांना म्हणता येत नाही.