फड उठतो तेव्हा…

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, म्हणजेच देवदिवाळी आली, की म्हसवडला माणसांचा पूर लोटतो. सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, दोरखंडाला शेकडो हात लागतात आणि गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीने एरवीचा हा कोरडा मुलूख लाल होऊन जातो. ही देवाच्या लग्नाची वरात. वरात म्हटली की करमणूक आलीच. आमच्या माणदेशात यात्रा म्हणजे पाळणे, भेळ, कुस्त्या आणि तमाशा, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

तमाशावर लिहिणारे बहुधा लावणीवर लिहितात, फार तर ढोलकीवर. मला मात्र नेहमी कुतूहल वाटत आले ते तंबू उठल्यानंतरचे. ही माणसे आली कोठून? झोपतात कधी? आणि उद्या कोठे जाणार?

मोठा फड म्हणजे चाकांवरचे गावच. कलावंत, वादक, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे कामगार अशी शंभरावर माणसे त्यात असतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो, तो वैशाखातल्या यात्रा संपेपर्यंत हिंडतच राहतो. पहाटे ट्रक गावात शिरतात. कामगार खुंट्या ठोकू लागतात, आणि रात्रभर नाचून-गाऊन आलेली मंडळी मिळेल त्या सावलीला, प्रसंगी ट्रकखालीच अंग टाकतात. दुपारी चुली पेटतात, दोरीवर लुगडी वाळत पडतात. दिवस कलला की कुणी हलगी जाळावर धरून तापवतो, कुणी आरशापुढे बसून रंगायला लागते. मग गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. वग संपला की पुन्हा खुंट्या उपटायच्या, ट्रक भरायचे आणि सामानावर बसूनच पुढचे गाव गाठायचे.

कमाईचे मार्ग दोन. एक तंबू लावून तिकिटाचा खेळ, दुसरा गावाने दिलेली सुपारी. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा पंच तिथे येऊन घासाघीस करून तारखा ठरवतात. सुपारीच्या गावाला रात्रीच्या खेळाने भागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीही द्यावी लागते. रात्रभर जागलेले पाय त्या उन्हात पुन्हा घुंगरू बांधतात. गावाला वाटते, हा आपला मानच आहे. पण त्या मानाचा भार कुणाच्या पायांवर पडतो, हे आपण पाहतो का?

या सगळ्या प्रवासाला बांधून ठेवणारी दोरी म्हणजे ‘उचल’. पावसाळ्यात फड बसून असतो, घरची चूल मात्र बसून राहत नाही. मग कलावंत फडमालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो आणि हंगामभर ती फेडत नाचतो. मालक तरी कोठला मोकळा? तोही सावकाराकडून पैसे आणून उचल वाटतो. एखादी यात्रा अवकाळी पावसाने धुऊन नेली, की हे कर्ज पुढच्या वर्षावर जाते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. ही कथा आपण धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण रस्त्यावरच्या या जगण्यात बाळंतिणीलाही रजा नव्हती, असाही तिचा अर्थ आहे. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली ही कलावंतीण 2002 साली गेली, ती हलाखी सोसूनच. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुळ्या भावांचे, लहू-अंकुश खाडे यांचेही तसेच. ‘जहरी प्याला’ वगातल्या हवालदारांमुळे काळू-बाळू हेच त्यांचे नाव झाले. अवघा महाराष्ट्र त्यांनी हसवला, पण तो फिरून, उन्हातान्हात, ट्रकच्या धुळीत.

आता रात्रही पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत मिळू शकते, एवढेच. आजारी माणसाच्या आणि अभ्यासाला बसलेल्या पोराच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण पहाटेपर्यंत रंगणारा वग त्याने आखडला. त्यानंतर 2020 आणि 2021 या दोन वर्षांत कोरोनाने यात्राच थांबवल्या. ऐन चैत्रात फड घरी बसले, उचल मात्र अंगावर राहिली.

तमाशा जगला पाहिजे, असे भाषणात सांगणे सोपे आहे. तो जगवणे यात्रा कमिटीच्या हातात अधिक आहे. ठरलेली सुपारी खेळ संपताच पुरी मोजावी. तंबूशेजारी पाण्याचा टँकर, बायकांसाठी आडोशाचे न्हाणीघर आणि संडास असावा. रात्री खेळ झाला असेल, तर हजेरीचा हट्ट सोडावा. रथाला दोरखंड बांधताना जेवढी काळजी घेतो, तिच्या दहाव्या हिश्श्याने हे होण्यासारखे आहे.

वरातीत नाचणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचे नाही, ही आपल्याकडची रीत. देवाच्या वरातीला तरी ती कशी चुकवावी?