डॅशबोर्डातला जुना वाटाड्या

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, कंपनीनेच नकाशा बसवून दिलेली गाडी घेऊन धुळ्याहून निघालात, तर पडद्यावर राष्ट्रीय महामार्ग ३, ६ आणि २११ दिसण्याची शक्यता बरीच. रस्त्यावरच्या हिरव्या पाट्यांवर मात्र ५२, ५३ आणि ६०. महामार्गांचे आकडे २०१० च्या अधिसूचनेने बदलले, पाट्या त्यानंतर सावकाश बदलत गेल्या आणि गाडीतल्या कार्डावर जुने आकडे तसेच राहिले. खानदेशातल्या माणसाचं त्याने अडत नाही म्हणा. त्याच्या तोंडी अजून ‘आग्रा रोड’ आणि ‘सहा नंबर’च आहे. अडतं ते रस्ता बदलतो तेव्हा.

आणि रस्ते बदललेत भरपूर. सुरत–नागपूर महामार्गाचं फागणे ते तरसोद आणि तरसोद ते चिखली असं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं. जळगाव शहराला वळसा घालणारा पाळधी–तरसोद बाह्यवळण रस्ता जुन्या नकाशात असणं शक्यच नाही. अशा नव्या रस्त्यावर गाडी चढली की पडद्यावरचा बाण सरळ कपाशीच्या शेतात शिरतो आणि आतली बाई यू-टर्न घ्या म्हणून इंग्रजीतून पिच्छा पुरवते. मुंबईला जाताना इगतपुरीपासून समृद्धी धरला तर हीच गत. ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली, त्याचीही या नकाशाला गंधवार्ता नाही. छत्रपती संभाजीनगर टाइप केलं तर तो ‘सापडत नाही’ म्हणतो. त्याला अजून औरंगाबाद लागतं.

मग माणूस कार डेकोरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘भाऊ, नेव्हिगेशन जुनं झालं, मोठा अँड्रॉइड लावून द्या.’ दुकानदार खूश. पण नेव्हिगेशन जुनं होतं म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं होतं, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. उपग्रहांचे संकेत पकडणारा अँटेना आणि रिसीव्हर, गाडी किती सरकली आणि किती वळली हे मोजणारे सेन्सर, आणि नकाशा, अशा तीन गोष्टी त्या डबीत असतात. पैकी नकाशा नासतो. बाकीच्या दोन पुष्कळदा ठणठणीत असतात, आणि त्यातली एक तर नव्या स्वस्त सिस्टिममध्ये मिळतच नाही.

ती एक गोष्ट म्हणजे ते सेन्सर, आणि चाकं किती फिरली हे यंत्राला सांगणारी वेगाची तार. तिचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. गाडीत नकाशा आला तो उपग्रहांच्याही आधी. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ नावाचं यंत्र विकायला काढलं. त्यात हेलियम वायूचा जायरोस्कोप वळणं मोजायचा, चाकांकडून अंतर कळायचं आणि नकाशाचा पारदर्शक कागद लहानशा पडद्यावर सरकवून लावायचा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ‘एटॅक’ कंपनीने नकाशे चक्क कॅसेटवर दिले. जीपीएस असलेली गाडी १९९० मध्ये माझदाने आणली. तेव्हा नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. ही भेसळ मे २००० मध्ये बंद झाली आणि मगच घरगुती नेव्हिगेशनला खरा अर्थ आला. तोवर गाड्यांनी मुख्यतः चाकं आणि जायरो यांच्यावर भागवलं, आणि ती सवय कंपनीने बसवलेल्या यंत्रात टिकली. उपग्रह दिसेनासा झाला की ते यंत्र शेवटच्या जागेपासून चाकांचे फेरे आणि वळणं मोजत बाण पुढे ढकलत राहतं. फोनला चाकं नाहीत. इगतपुरीच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात फोनवरचा बाण अंदाजाने चालतो किंवा तोंडाशीच थबकतो. बोगद्यात कुठे वळायचं नसतं, म्हणून तिथे काही बिघडत नाही हेही खरं. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर मात्र फरक कळतो.

मग जुन्या यंत्रातच नवा नकाशा का घालू नये? घालता आला तर घालावाच. पण बहुतेक कंपन्या काही वर्षांनी त्या मॉडेलचे नकाशे काढणं थांबवतात. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या नकाशामागे १९९५ मध्ये सुरू झालेली मॅपमायइंडिया असते. तिच्याकडे नकाशा ताजा असला तरी तो तुमच्या जुन्या यंत्राच्या साच्यात ओतून द्यायचा की नाही, हे गाडीची कंपनी ठरवते. एसडी कार्ड बऱ्याचदा त्या एकाच यंत्राशी बांधलेलं असतं. मित्राच्या कार्डाची करून आणलेली नक्कल चालत नाही, आणि चालली तरी ती चोरीच.

काही यंत्रांना शिवाय एक विचित्र म्हातारपण येतं. जीपीएस उपग्रह तारीख सांगतात ती आठवड्यांच्या क्रमांकाने, आणि त्या क्रमांकाला फक्त १० बिट दिलेत. म्हणजे १०२४ आठवडे, साधारण १९ वर्षं ७ महिने झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं, मग ७ एप्रिल २०१९ ला, आणि पुढे २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये होईल. यंत्राच्या सॉफ्टवेअरने हे धरलं नसेल तर घड्याळ दोन दशकं मागे जातं. जानेवारी २०२२ मध्ये जगभरच्या बऱ्याच होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांची घड्याळं अशीच २००२ वर गेली होती आणि ती सुधारायला ऑगस्ट उजाडला. जागा बरोबर आणि तारीख चुकीची, असा प्रकार दिसला तर अँटेना बदलून उपयोग नाही.

गाडीच्या पडद्यात अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल, तर नवीन यंत्राचा विचारही करू नका. फोन केबलने जोडा, नकाशा फोनचा आणि पडदा गाडीचा. केबलचा कंटाळा असेल तर वायरलेस डोंगल मिळतो, यूएसबीत खोचला की झालं. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेची सोय भारतात २०१५ नंतरच्या गाड्यांत हळूहळू पसरली. त्याआधीच्या गाड्यांतच खरा पेच आहे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काचेवर किंवा एसीच्या जाळीवर होल्डर लावून फोन ठेवणं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही असा वापरता येतो. एक हात स्टिअरिंगवर आणि एका हातात फोन, हे त्यात बसत नाही. मे महिन्यात भुसावळला काचेमागे उन्हात ठेवलेला फोन तापून चार्जिंग बंद करतो, तो अनुभव इथल्या प्रत्येकाला आहे. म्हणून होल्डर जाळीवर लावलेला बरा, एसीचा गार वारा तरी लागतो.

नवीन यंत्र बसवायचंच ठरलं तर दुकानात शेजारी उभं राहून बघा. कारागीर प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची कड उचलतो, चार स्क्रू काढतो आणि जुनं युनिट पुढे ओढतो. मागे तारांचा गुंता आणि दोन-तीन कपलर. पहिला प्रश्न इथेच विचारायचा, ‘कपलर टू कपलर आहे ना?’ म्हणजे गाडीच्या मूळ जोडणीला बाजारातली जोडणी खटकन बसणार, एकही तार कापली जाणार नाही. तार कापून टेप गुंडाळणारा कारागीर वेळ वाचवतो, पण वॉरंटी असेल तर तो तिला तिथेच चूड लावतो, आणि सैल टेप उन्हाळ्यात सुटते.

बाजारातल्या युनिटच्या तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थची, नारिंगी दिव्यांची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी स्पीकरची. पिवळी आणि लाल दोन्ही बॅटरीवर बांधल्या की गाडी बंद असतानाही युनिट करंट ओढत राहतं आणि चार दिवसांनी बॅटरी उतरते. पिवळीसुद्धा किल्लीवर बांधली तर उलटा त्रास; दर वेळी सुरू करताना सेटिंग आणि रेडिओची स्टेशनं गायब. स्टिअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सर, दरवाजा उघडा असल्याची सूचना हे सगळं बऱ्याच गाड्यांत कॅनबसच्या, म्हणजे गाडीतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या, डबीतून येतं. आपल्या मॉडेलची डबी नसेल तर आवाज वाढवायचं बटण मुकं होतं. वेगाची तार तर पुष्कळ दुकानांत कुणी शोधतच नाही. ‘तिचा काय उपयोग, जीपीएस आहे ना?’ उपयोग वर सांगितला. यंत्रात ती जागा असेल आणि गाडीच्या जोडणीत ती तार सापडत असेल तर जोडून मागा. नसेल तर हट्ट धरून भांडू नका, फोनवर चालणारं सगळं जग तिच्यावाचून चालतंच आहे.

अँटेनाचं मात्र भांडून घ्या. ती काड्यापेटीहून छोटी काळी चकती असते, मागे लांब वायर. घाईत ती युनिटच्या मागे, लोखंडी पट्टीच्या आडोशाला चिकटवली जाते. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि तिथून येणारा संकेत अगदी क्षीण. त्याला पत्रा पार करता येत नाही. चकती डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकखाली, आकाशाकडे तोंड करून बसवायला सांगा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तीही संकेत खाते. उन्हापायी इथे फिल्मचा मोह फार, पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती पोलिसांना चांगली पाठ आहे. नवीन युनिटला पहिल्यांदा जागा शोधायला वेळ लागतो हेही लक्षात ठेवा. एका उपग्रहाचा स्वतःच्या कक्षेचा तपशील ३० सेकंदांत येतो, पण सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हे इंटरनेटवरून उचलतो म्हणून चुटकीसरशी जागा दाखवतो. उघड्यावर थोडा वेळ गाडी उभी करा, मगच दुकानदाराला दोष द्या.

पडद्याच्या मापाचं इथल्या बाजारात जरा जास्तच कौतुक आहे. सात इंची, नऊ इंची, दहा इंची. गाडी छोटी आणि टीव्ही मोठा. खानदेशात माझ्या मते पहिली कसोटी उन्हाची. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीतला डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. वाहनांसाठी बनवलेल्या चिप किमान ८५ अंशांपर्यंत, काही १०५ पर्यंत चालतील अशा तपासलेल्या असतात. साध्या टॅब्लेटमधली चिप अनेकदा ७० अंशांचीच. कंपनीचं जुनं यंत्र दहा उन्हाळे काढतं आणि स्वस्त अँड्रॉइड दुसऱ्या उन्हाळ्यात अडखळतो, त्याचं एक मोठं कारण हेच. मागे पंखा किंवा धातूचे पंख आहेत का ते पाहा. ‘अँड्रॉइड १३, आठ जीबी रॅम’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. सेटिंगमधले आकडेही खोटे लिहून मिळतात. यंत्राचा खरा प्रोसेसर आणि रॅम वाचणारं अ‍ॅप टाकून दुकानातच तपासा. खऱ्या चार जीबीत नकाशा आणि गाणी आरामात चालतात.

जुन्या कार्डाची एक सोय मात्र नव्यात आपली आपण करून घ्यावी लागते. सातपुड्यात पालकडे किंवा मनुदेवीच्या वाटेला रेंज जाते, पाटणादेवीच्या रानातही. कार्डावरच्या नकाशाला रेंज लागत नव्हती. फोनच्या नकाशात जळगाव, धुळे आणि नंदुरबार असा सगळा पट्टा घरच्या वायफायवर उतरवून ठेवला की तेवढंच काम होतं, आणि तो अधूनमधून ताजा करावा लागतो. जीपीएससारख्या आपल्या देशी नाविक यंत्रणेचं नावही दुकानदार आता घेतात. २०१३ पासून इस्रोने तिचे उपग्रह सोडले, २०१६ मध्ये सातांचा संच पूर्ण झाला, पण त्यातली काही परदेशी अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ वर देशी घड्याळ बसलं, आणि फोनला सोयीची एल-१ लहरही. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. तेव्हा नाविकसाठी म्हणून जादा पैसे मागितले तर थांबा; जीपीएस, ग्लोनास आणि गॅलिलिओ एकत्र वाचणारा रिसीव्हर आज कामाला पुरेसा आहे.

जुनं युनिट एक्स्चेंजमध्ये देऊ नका. गाडी विकताना मूळ फिटिंगला मान मिळतो, आणि नवं बिघडलं तर त्याच कपलरवर जुनं परत बसतं. द्यायचंच असेल तर दुकानातून उठण्याआधी त्याला करंट द्यायला सांगा आणि फॅक्टरी रीसेट करा. आत तुमचं फोनबुक आहे, ‘होम’ या नावाखाली घराचा पत्ता आहे आणि शेतावर जायची वाटही.