लोकवर्गणी आणि विद्यार्थ्यांची कला

'क्राउडफंडिंग' हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला असला, तरी त्यामागची रीत जुनीच आहे. अनेकांकडून थोडेथोडे घेऊन एक कार्य उभे करणे, यालाच आपण लोकवर्गणी म्हणत आलो. अहिल्यानगर जिल्ह्याला तर ही रीत चांगलीच परिचयाची आहे. यात्रेच्या तमाशासाठी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरणारी तरुण मंडळी कोणत्या गावाने पाहिली नाहीत? 1950 मध्ये लोणी परिसरात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तोही विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून जमविलेल्या भागभांडवलाच्या पायावर. कारखान्याच्या भागधारकाला उसाच्या दराची आशा होती. शाळेतील कलाशिक्षणासाठी पैसे देणाऱ्याला मात्र असे काहीच परत मिळायचे नसते. मग त्याने का द्यावे, आणि एकदा दिल्यावर पुन्हा का द्यावे?

हा प्रश्न निवासी शाळेपुढे अधिक तीव्रतेने उभा राहतो. धान्य, गणवेश, अंथरूण-पांघरूण, वीजबिल आणि औषधे यांचा खर्च टाळता येत नाही. टाळता येतो तो ढोलकीचा, रंगांचा आणि संगीतशिक्षकाच्या मानधनाचा. आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे अर्धे वर्ष घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला सायंकाळी हातात हलगी मिळाली, तर त्याच्या दिवसाला काही आकार येतो. पण ताळेबंदात या गोष्टीसाठी रकाना नसतो. म्हणून कलेसाठी लोकांपुढे जाणे भाग पडते, आणि ते कसे जावे हे आधीच्या मोहिमांवरून शिकता येते.

पहिला धडा आपल्या सह्याद्रीतच कोरलेला आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृह सुमारे 2,000 वर्षांपूर्वीचे. एवढे भव्य शिल्प एखाद्या राजाने एकट्याने घडविले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. तेथील शिलालेख निराळेच सांगतात. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी हा मोठा दाता होता, हे खरे. परंतु अनेक स्तंभांवर वेगवेगळ्या सामान्य दात्यांची नावे आहेत. त्यांपैकी बरेच धेनुकाकट या गावचे, आणि काही तर स्वतःला यवन म्हणविणारे. सोपाऱ्याच्या एका धम्मपाठकाने स्तंभ दिला, गंध विकणाऱ्या सिंहदत्ताने द्वारमुख दिले, आणि द्वार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नावही तेथेच कोरले गेले. 'चैत्यासाठी मदत करा' असे मोघम आवाहन येथे दिसत नाही. कोणाचा स्तंभ, कोणाचे द्वार, हे निश्चित आहे. दात्याला आपले दान बोट ठेवून दाखविता येत होते. माझ्या मते लोकवर्गणीचे मर्म यातच आहे.

न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या चबुतऱ्याची कथा याच अंगाने वाचण्यासारखी आहे. पुतळा फ्रान्समधून यायचा होता, पण तो उभा करण्यासाठी चबुतऱ्याचा पैसा अपुरा पडला. 1885 मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रातून आवाहन केले, की रक्कम कितीही लहान असो, प्रत्येक दात्याचे नाव छापले जाईल. सुमारे पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणारे एक लाखाहून अधिक होते आणि बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. पुलित्झर यांचा खपही वाढला, हे नमूद केले पाहिजे. ते काही निव्वळ परोपकारी नव्हते. तरीही नाव छापण्याचा त्यांचा निर्णय अचूक ठरला.

कलेच्या क्षेत्रात सर्वांत बोलके उदाहरण श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' चित्रपटाचे. 1976 मध्ये गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो निर्माण केला. प्रदर्शनानंतर हेच शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' चित्रपट पाहायला गेले. म्हणजे दातेच पुढे प्रेक्षक झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला हे तंतोतंत लागू पडते. ज्याने तबल्यासाठी शंभर रुपये दिले, तो तबला ऐकायला येतोच.

आंबेडकरी जलशांनी तर हा क्रम उलटा करून दाखविला. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव जात, आधी कला सादर करीत आणि मग लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे देत. दयेची याचना त्यात नव्हती. आजच्या अनेक ऑनलाइन मोहिमांत मुलांचे केविलवाणे चेहरे आणि फाटके कपडे दाखविले जातात. त्याने पैसे कदाचित लवकर मिळतील. पण ते छायाचित्र मोठेपणीही त्या मुलाच्या मागे लागेल. आपल्या विद्यार्थ्याने ढोलकीवर थाप मारलेली एक मिनिटाची चित्रफीत, पालकांच्या संमतीने, पाठवावी. तेवढे पुरे आहे.

आता व्यवहाराकडे वळू. 2009 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'किकस्टार्टर'ने एक कठोर नियम रूढ केला : ठरविलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे मिळतील, अन्यथा काहीच नाही. 'मिलाप', 'केटो' यांसारख्या भारतीय मंचांवर साधारणपणे जमेल तेवढी रक्कम घेता येते. मार्ग कोणताही असो, लक्ष्य वास्तव असावे. समजा, वर्षभराच्या कलावर्गास 1,20,000 रुपये लागतात. 400 माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी 300 रुपये दिले, तर ते भागतात. मंचाचे व बँकेचे शुल्क मिळून शेकडा 5 कापले जाणार असेल, तर मात्र 1,26,000 हून थोडे अधिक मागावे लागेल. हा लहानसा हिशेब अनेकदा राहून जातो आणि शेवटी शिक्षकाचेच मानधन कमी पडते.

आवाहन जाहीर करण्यापूर्वी जवळच्या माणसांकडून काही भाग मिळवून ठेवावा. रिकामी थाळी फिरली की लोक हात आखडतात. संस्थेस 80जी ची मान्यता असेल, तर दात्यास आयकरात सवलत मिळते; मात्र 2,000 रुपयांवरील रोख देणगीस ती मिळत नाही, आणि देणगीचे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत द्यावे लागते. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांबाबत विशेष सावध असावे. भारतीय नागरिकत्व कायम असणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. परंतु त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते आणि त्यासाठी संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते.

मागणी मात्र कार्ल्याच्या स्तंभांप्रमाणे सुटी करावी : एक हार्मोनियम, एका महिन्याचे मानधन, वीस मुलांचे रंग. वर्षअखेरीस प्रत्येक दात्यास त्याच्या देणगीचे काय झाले ते पत्राने कळवावे, वीस रुपये देणाऱ्यासही. हे पत्र छापील नमुन्यात नसावे. ते मुलांनीच लिहावे आणि त्यात एखादी वेलांटी चुकली, तर तशीच राहू द्यावी.