वायपरची पट्टी आणि मालकाची जबाबदारी

मालेगावचे कापड टेम्पोत भरून भिवंडी-मुंबईकडे पाठविणाऱ्या व्यापारी बांधवांना कसारा घाट नवा नाही. जुलैत तेथे पाऊस आणि धुके एकत्र आले की समोरचा रस्ता दिसेनासा होतो. माल ताडपत्रीखाली सुरक्षित असतो. चालकाचा जीव मात्र वायपरच्या रबरी पट्टीवर अवलंबून असतो.

ही पट्टी उन्हाने कडक होते, तिला चिरा पडतात. काचेवर पाण्याच्या रेघा राहू लागल्या की ती बदलावी. मे महिन्यातच बदललेली उत्तम. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये. धुळीने ओरखडे उठतात आणि रात्री समोरून येणारा उजेड त्यांवर पसरून डोळे दिपतात. आधी पाणी मारावे. वॉशरच्या टाकीत स्वच्छ पाणी असावे. फवारा अडल्यास बारीक सुईने छिद्र मोकळे करावे.

आरसे चालकाने आपल्या जागेवर बसून, गाडी निघण्यापूर्वीच लावावेत. फुगीर आरशात मागची गाडी आहे त्याहून दूर भासते, हे विसरू नये.

पट्टीचा खर्च एका फेरीच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. तो मालकानेच करावा, चालकावर ढकलू नये, असे आम्हांस वाटते.