खंडोबाचे किडे एका बरणीत राहतील का?

पाऊस होऊन गेला की आमच्या वर्गात काचेच्या बरण्या येऊ लागतात. कुणाच्या बरणीत सुरवंट, तर कुणाच्या बरणीत पुढचे पाय जोडून बसलेला हिरवागार मँटिस. मराठीत ह्याला खंडोबाचा किडा म्हणतात. हे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते का, ते मुलांनी जरूर विचारावे. दोन दिवस गेले की प्रश्न येतो, "गुरुजी, तो एकटाच आहे. त्याला सोबती आणू का?"

उत्तर देणे जड जाते, पण द्यावेच लागते. सोबती आणला तर सकाळी बहुधा एकच उरेल.

ते जोडलेले हात प्रार्थनेचे नव्हेत. त्या पायांना आतून काटे असतात आणि पाय मिटला की भक्ष्य अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे सापडते. समोर हलणारी आणि आपल्याला झेपेल एवढी वस्तू म्हणजे अन्न, एवढेच तो जाणतो. भाऊबंद असा हिशेब त्याच्याकडे नाही. म्हणून तो दुष्ट ठरत नाही, आणि विषारी तर नाहीच.

फ्रान्समधील झाँ-आँरी फाब्र हे एके काळी आमच्यासारखेच शाळामास्तर होते. त्यांनी जाळीच्या मोठ्या झाकणांखाली कितीतरी माद्या एकत्र पाळल्या. नाकतोडे पकडून आणायला शेजारची मुले ठेवली होती. त्यांची मजुरी म्हणजे पावाचा तुकडा नाहीतर कलिंगडाची फोड! सुरुवातीला सारे शांत होते. पण पोटात अंडी वाढू लागली तशा, खाणे भरपूर असूनही, माद्या एकमेकींना खाऊ लागल्या. एका मादीने दोन आठवड्यांत सात नर फस्त केल्याचे त्यांनी १८९७ साली लिहिले आहे. पुढच्या अभ्यासकांनी मात्र पाहिले की पोट भरलेली मादी नराला पुष्कळदा जाऊ देते. शिवाय झाडावर नराला पळायला वाट असते. बरणीत ती कुठून असणार?

पिल्लांची गोष्ट थोडी निराळी. फेस वाळून घट्ट झालेल्या अंड्यांच्या पिशवीतून एकदम डझनांनी पिल्ले निघतात. केळ्याच्या सालीवर जमणाऱ्या बारीक माशा भरपूर मिळाल्या तर ती काही दिवस एकत्र राहतात. मग संख्या घटू लागते. ती घटण्याआधीच दोन-तीन पिल्ले वेगळी ठेवून बाकीची झुडपांत सोडावीत हे बरे.

काही जाती मात्र खरोखर समजूतदार आहेत. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला बारीक मानेचा व्हायोलिन मँटिस, तसाच आफ्रिका आणि आपल्या शेजारच्या मादागास्करमधला वाळक्या पानासारखा घोस्ट मँटिस, हे सारख्या आकाराचे आणि पोटभर खाऊ घातलेले असले तर एका मोठ्या पिंजऱ्यात नांदतात. तरी एखादा कमी होतोच. हे वाचून कुणी ते मागवू मात्र नये. टोळांसाठी १७६२ साली भारतातून आणलेली साळुंकी आज मॉरिशसभर झाली आहे. परक्या जिवाची पाहुणचाराची मुदत आपल्या हाती नसते.

तेव्हा एका किड्याला एक बरणी. उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो आणि खाली जागा नसली तर वाकडा होतो. आत एक काटकी, तोंडाला मच्छरदाणीचे कापड, दिवसाआड पाण्याचा हलका शिंतोडा. फवारणी झालेल्या उसातले किडे खायला घालू नयेत. कात टाकण्याआधी तो खाणे सोडतो. तेव्हा बरणी हलवू नये आणि आत उरलेला जिवंत किडा काढून घ्यावा.

दोघांना एकत्र पाहायचेच असेल तर दोन बरण्या शेजारी ठेवून मध्ये पुठ्ठा उभा करावा. पुठ्ठा काढला की पाहा: दोन्ही डोकी वळतात. कधी एक जण डुलू लागतो, कधी पुढचे पाय उंचावून पंख पसरतो, कधी दोघेही दगडासारखे थिजतात. पाच मिनिटांनी पुठ्ठा परत लावावा आणि जे दिसले ते वहीत लिहावे, जमल्यास मराठीत.