चाकामागची पट्टी

पावसाळा लागला कीं शिरवळच्या माणसाला चिखल म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. नीरा नदी गांवाला लागून वाहते. तिच्या पलीकडे पुणें जिल्हा, अलीकडे आमचा सातारा जिल्हा. पुणें-बंगळूर महामार्ग गांवाच्या अंगावरूनच जातो. एकीकडे कारखान्यांच्या मालमोटारींची रीघ, तर दुसरीकडे शेतांतून थेट डांबरावर चढणारे ट्रॅक्टर. त्यांच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती रस्त्यावर गळते आणि पावसाची एक सर आली कीं तिचा गुळगुळीत लेप तयार होतो. इतिहासाच्या अभ्यासकास शिरवळ म्हटलें कीं सुभानमंगळ किल्ला व १६४८ सालची शिवाजी महाराजांच्या माणसांची झुंज आठवत असेल. आम्हां रहिवाशांस आषाढांत आठवतो तो हा लेप.

प्रस्तुत लेखाचें कारण मात्र अगदीं घरगुती आहे. जून महिन्यांत एके दिवशीं आत्याबाईंना दवाखान्यांत दाखवून मी आमच्या लहान मोटारींतून घरीं परतत होतों. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सर्व्हिस रोडवर एक मोठें डबकें सांचलें होतें आणि त्याच्या कडेनें नऊदहा वर्षांची एक मुलगी, नवा गणवेष घालून, दप्तर छातीशीं धरून, जपून जपून चालली होती. मी घाईंत होतों. डबक्याची खोली मला ठाऊक होती, मोटारीस तिचा धोका नव्हता, म्हणून वेग कमी केला नाहीं. पुढें काय झालें तें सांगावयास नको. आरशांत पाहिलें तों मुलगी जागच्या जागीं उभी होती आणि तिचा गणवेष मूळ कोणत्या रंगाचा होता हें ओळखूं येत नव्हतें. तरीही मीं गाडी पुढें नेली असती, हें येथें कबूल करणें भाग आहे. परंतु आत्याबाई मागल्या बाकावरून "थांब" म्हणाल्या त्या अशा आवाजांत, कीं माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मुलीला गाडींत घेऊन आम्ही तिच्या घरीं गेलों. तिच्या आईनें आम्हांस एका शब्दानेंही दुखविलें नाहीं, उलट चहा विचारला. तेंच अधिक लागलें. "दुसरा गणवेष पुढल्या महिन्यांत घेणार होतों," एवढेंच ती माउली म्हणाली.

घरीं आल्यावर आत्याबाईंनीं ही हकीकत सर्वांसमक्ष सांगितली. आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. त्या सर्वांचें एकमत होणें हा दुर्मिळ योग. त्या दिवशीं तो आला. नवा गणवेष दुसऱ्याच दिवशीं पोंचता करण्यांत आला. माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "काका, आपल्या गाडीला मडफ्लॅप नाहींत. ते असते तर एवढें उडालें नसतें." हें मत मला ताबडतोब पटलें. दोष आपल्या पायाचा नसून एका पट्टीच्या अभावाचा आहे, असें कोणी सांगितल्यास तें कोणाला पटणार नाहीं ?

ज्या वाचकांचा मोटारीशीं संबंध केवळ बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठीं सांगतों. मडफ्लॅप म्हणजे चाकाच्या मागें लोंबणारी रबराची अगर प्लॅस्टिकची पट्टी. मालमोटारींच्या मागें ती सर्वांनीं पाहिली असेल. तिच्यावर मालकाच्या मुलांचीं नांवें किंवा वाघाचें तोंडही पुष्कळदां रंगविलेलें असतें. पुष्कळ लहान मोटारींना मात्र कारखान्यांतून ती लावून येत नाहीं. जादा सामान म्हणून निराळी घ्यावी लागते. त्या त्या गाडीच्या घडणीप्रमाणें ओतलेला चार पट्ट्यांचा संच, स्क्रूंच्या पुडीसह, आम्हांला पांचशें रुपयांच्या आंतबाहेर मिळाला. कोणत्याही गाडीस चालतील अशा सपाट पट्ट्याही विकत मिळतात, पण त्या कापून बसत्या कराव्या लागतात. नवख्या माणसानें त्यांच्या नादीं लागूं नये.

पट्ट्या गॅरेजांत लावून घ्याव्या असा माझा बेत होता. आमचे चुलते नाना हे निवृत्त शिक्षक. त्यांनीं चष्मा कपाळावर चढविला आणि विचारलें, "अरे, चार स्क्रू पिळावयाला तुम्हां शिकल्यासवरल्या माणसांना मिस्त्री लागतो ?" अशा प्रसंगीं नानांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण हटकून होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान सुरू केलें, पुढें लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसविली. हात काळे करून घेण्यांत कमीपणा मानणाऱ्या पांढरपेशा घरांना हें उदाहरण शंभर वर्षांहून अधिक काळ ऐकविलें जात आहे. आम्हीही तें शेंकडों वेळां ऐकलें आहे. मुकाट्यानें पाना आणावयास गेलों.

काम सुरू करण्यापूर्वीं नानांनीं आणखी एक हट्ट धरला. पट्टीनें नक्की काय साधतें हें आधीं पाहिलें पाहिजे. डब्याच्या झांकणाच्या कडेला खडूची खूण करून त्यांनीं तें जमिनीवरून गडगडवीत नेलें आणि मुलांना दाखविलें कीं चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदु त्या क्षणापुरता स्थिर असतो, तर माथ्यावरचा बिंदु गाडीच्या दुप्पट वेगानें पुढें धांवत असतो. मधल्या बिंदूंचा वेग या दोहोंच्या मध्यें. टायरच्या खांचेंत अडकलेला खडा जमीन सोडून वर येऊं लागला कीं केव्हां तरी सुटतो. ताशी ६० किलोमीटरनें जाणाऱ्या गाडीच्या चाकाला खालपासून वरपर्यंत आठवा भाग फिरून जो खडा सुटेल, तो ताशी सुमारें ४२ किलोमीटर वेगानें वर उडतो. आणि तितक्याच वेगानें, मागून त्याच चालीनें येणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. मागची मोटार असेल तर तिची कांच जाते. मागें दुचाकीवाला असेल तर कांचेचें काम त्याचा डोळा करतो. हा हिशोब ऐकल्यावर माझी थट्टा करण्याची इच्छा मावळली, कारण दूध घालणारी व कामावर जाणारी निम्मी शिरवळ दुचाकीवरच असते.

आमच्या मळ्याच्या वाटेवर मुलांनीं एक उथळ खळगा केला, त्यांत पाणी भरून मूठभर काव कालविली आणि बाजूला दोन बांबूंवर नानांचें जुनें धोतर ताणून बांधलें. पुतण्या पांढरा बनियन घालून सायकलीवर माझ्या मागोमाग, सहासात हातांवर. मीं ताशी वीस किलोमीटर वेगानें खळगा ओलांडला. बनियनवर छातीपर्यंत तांबडे ठिपके, धोतर कंबरेइतक्या उंचीपर्यंत लाल, आणि मोटारीच्या मागल्या दारावर मुठीपर्यंत शिंतोडे. मुलांना हा खेळ इतका आवडला कीं प्रयोग तीन वेळां करावा लागला.

आतां प्रत्यक्ष काम. पुढचीं चाकें सोपीं. सुकाणूचें चक्र एका बाजूस पूर्ण वळविलें कीं चाक आडवें होऊन त्याच्या मागें हात जाण्यापुरती जागा होते. चाक काढावें लागत नाहीं. प्रथम कमानीच्या आंतली बाजू ब्रशनें घासून धुवावी व कोरडी होऊं द्यावी. आमच्या गाडीच्या कमानींतून अर्धी पाटी माती निघाली ! तेथें आंतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला धरून ठेवणारे स्क्रू असतात. ते काढून, पट्टी त्याच भोंकांवर धरून, संचांतील लांब स्क्रूंनीं तीं दोन्ही एकत्र आवळावयाचीं. बाहेरच्या कडेला जेथें भोंक नसतें, तेथें पत्र्याच्या दुमडलेल्या काठावर बसणारी स्प्रिंगची चिमटी संचांत येते. तिच्यामुळें पत्र्याला नवें भोंक पाडण्याचें टळतें. सर्व स्क्रू आधीं अर्धवट लावावे, पट्टी सरळ आहे कीं नाहीं हें दोन पावलें मागें जाऊन पाहावें, आणि मगच आवळावे. आवळतांना जोर बेताचा ठेवावा. पुतण्यानें तरुणाईच्या उत्साहांत पहिलीच पट्टी भोंकापाशीं चिरली. तिला आम्हीं रुंद वायसर घालून सांवरून घेतलें.

मागचीं चाकें वळत नाहींत, म्हणून तेथें एकतर बुटका स्क्रूड्रायव्हर पाहिजे, नाहींतर चाक उतरविलें पाहिजे. आमच्याकडे बुटका नव्हता. येथें जें घडलें तें लिहितांना आजही अंगावर कांटा येतो. जॅक लावला, चाक काढलें, आणि मी स्क्रूची पुडी आणावयास ओसरीवर गेलों. तेवढ्यांत धाकटी पुतणी, वय वर्षें सात, खालीं पडलेला एक वायसर घेण्यासाठीं गाडीखालीं कंबरेपर्यंत शिरली. नानांनीं तिचा पाय धरून तिला ओढून काढलें. जॅक घसरला नाहीं, कांहीं झालें नाहीं. परंतु काम अर्धा तास बंद पडलें आणि त्या अर्ध्या तासांत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. सपाट व टणक जमीन, ओढलेला हातब्रेक, पहिला गिअर, उरलेल्या चाकांना पुढून-मागून धोंडे, आणि उचललेल्या बाजूस लोखंडी तिवई. तिवई नसल्यास काढलेलें चाकच गाडीच्या काठाखालीं आडवें सारून ठेवावें, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी चाकावर टेकेल. एवढी व्यवस्था करूनही गाडीखालीं अंग घालूं नये. आणि मुलांना आधीं घरांत पाठवावें. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच थोडे सैल करावे, व चाक परत बसवितांना समोरासमोरचे जोडीनें आवळून, गाडी खालीं टेकल्यावर पुन्हा पूर्ण आवळावे.

डाव्या मागल्या कमानींत एक भोंक जुळेना, तेव्हां गिरमिट चालवावेंच लागलें. त्यापूर्वीं पत्र्याच्या मागें काय आहे हें बॅटरीच्या उजेडांत पाहून घेणें अत्यावश्यक आहे. पेट्रोल भरण्याची नळी अगर ब्रेकची नळी त्याच भागांतून गेलेली असूं शकते, आणि पांचशें रुपयांची पट्टी भलतीच महाग पडावयाची. भोंकाच्या कडेचा कीस पुसून तिच्यावर रेड ऑक्साइडचें बोट फिरवावें व स्क्रूला थोडें ग्रीस लावावें. उघडा पडलेला पत्रा पहिल्याच पावसाळ्यांत गंजावयास लागतो. पाणी निघून जाण्यासाठीं कमानीच्या तळाशीं ठेवलेलीं छिद्रें पट्टीखालीं झांकलीं जाणार नाहींत, हेंही पाहावें.

चारही पट्ट्या लागल्या तेव्हां तिसरा प्रहर टळला होता. मळ्याच्या वाटेवर पुन्हां खळगा, पुन्हां काव. या खेपेस बनियनवर गुडघ्याच्या उंचीवर तुरळक ठिपके, त्याहून वर कांहीं नाहीं. मोटारीचें दार जवळजवळ स्वच्छ. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. मग आत्याबाई काठी टेकीत धोतरापाशीं गेल्या. तें पहिल्याइतकेंच, कंबरेपर्यंत, लाल झालें होतें.

"ही पोरगी मागून येत नव्हती," त्या म्हणाल्या, "कडेनें चालली होती."

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. चाकाबरोबर वर चढून मागें फेंकलें जाणारें पाणी पट्टी अडविते. परंतु डबक्यांत शिरणारें चाक जें पाणी दोन्ही बाजूंस रेटून देतें, त्याच्या वाटेंत ती मुळीं येतच नाहीं. पुतण्यानें मान खालीं घातली. मीं तोच खळगा, सर्वांच्या आग्रहावरून, माणसाच्या चालीनें ओलांडला, तेव्हां धोतराच्या फक्त काठाला रंग लागला.

पट्ट्या फुकट गेल्या असें मात्र मी म्हणणार नाहीं. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचें रक्षण होतें, आणि दाराखालच्या पत्र्यावर खड्यांचे टवके उडून गंज धरत असे तोही थांबला. महिन्यांतून एकदां पट्टीच्या मागें सांचलेली माती पाण्याच्या नळीनें धुऊन काढावी लागते. ती तशीच राहिली तर ओल धरून पत्र्याचें नुकसानच करते.

एक चूक आमच्या ध्यानांत उशिरा आली. श्रावणांत आम्ही पांचजण, फराळाच्या डब्यांसह, खंबाटकीच्या घाटांतून वाईस गणपतीच्या दर्शनाला निघालों. प्रत्येक गतिरोधकावर मागून खर्र असा आवाज येई. आम्हीं पट्ट्या रिकाम्या गाडीला बसविल्या होत्या. भरलेली गाडी खालीं दबली कीं चाक कमानींत वर सरकून उजव्या पट्टीला घासत होतें. परतल्यावर घरांतील वजनदार मंडळींना अंगणांत उभ्या गाडींत मागें बसविलें, आणि स्क्रू सैल करून, वायसर घालून, पट्टी बोटभर मागें घेतली. कोणाला बसवावयाचें यावरून जो वादविवाद झाला तो येथें देत नाहीं. पुढल्या चाकांच्या बाबतींतही चक्र दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून, घासतें कीं काय, हें गाडी बाहेर काढण्यापूर्वींच पाहावें.

सर्व्हिस रोडवरचें तें डबकें अद्याप तेथेंच असतें. आत्याबाई गाडींत असल्या म्हणजे तें दिसण्याच्या बऱ्याच आधीं मागून "हळू" असा शब्द येतो. मार्गशीर्षांत, रस्ता कोरडा ठणठणीत असतांना, त्या तसें म्हणाल्या तेव्हां मीं हंसून मागें पाहिलें. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि माझा पाय अगोदरच ब्रेकवर होता.